न पाहिलेले मुख



हा अंक क्षणभर मांडीवर ठेवा, डोळे मिटा आणि तुकोबारायांना आठवा. काय दिसते? डोक्यावर पागोटे, कपाळी गोपीचंदनाचा टिळा, मध्ये बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, हातात वीणा आणि अर्धवट मिटलेले शांत डोळे. तुमच्या शेजारच्या माळकऱ्याला विचारा, त्यालाही हेच दिसेल. नांदेडच्या माणसाला आणि कोकणातल्या माणसाला एकच चेहरा दिसतो. आता दुसरा प्रश्न स्वतःला विचारा. हा चेहरा आपल्याला दिला कुणी?

हा प्रश्न माझ्या मनात आला तो मागच्या आषाढीत, वाखरीच्या तळावर. दिंडीतला एक तरुण पोरगा धावत आला आणि मोबाइल पुढे धरून म्हणाला, "बाबा, हे बघा, तुकोबांचा खरा चेहरा. एआयने काढलाय." चित्र सुरेख होते. कातडीवरची सुरकुती दिसत होती, डोळ्यांत पाणी होते. भोवती दहाजण जमले, दोघांनी तर मोबाइललाच हात जोडले. एक म्हातारी मात्र बारकाईने बघून म्हणाली, "हे आमचे तुकोबा न्हवंत." पोरगा हिरमुसला. त्याने मला विचारले, "मग घरातल्या फोटोतले खरे कशावरून?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. वारीहून परतल्यावर जे वाचले, जे जुने पुन्हा आठवले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. तुकोबारायांना समोर बसवून काढलेले, खात्रीने त्यांचेच म्हणता येईल असे चित्र आपल्याकडे नाही. ज्ञानोबामाउलींचे नाही, नामदेवरायांचे नाही, जनाबाईंचे नाही, चोखोबांचे नाही. त्या काळी चित्रे निघत नव्हती असे मात्र नव्हे. तुकोबाराय वैकुंठाला गेले ते शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ.स. १६५० मध्ये. शिवाजीमहाराज तेव्हा वीस वर्षांचे होते. महाराजांची त्या काळातली चित्रे आज युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. दख्खनच्या दरबारांत कसबी चितारी होते, आणि परदेशी व्यापारी त्यांच्याकडून राजेरजवाड्यांची चित्रे विकत घेत. पण चितारी जायचा तो जिथे दाम आणि दरबार असेल तिथे. देहूच्या वाळवंटात टाळ वाजवणाऱ्या कुणब्याचे चित्र कोण काढून घेणार, आणि कुणासाठी?

देहूकरांनी काय जपले ते मात्र पाहा. चाकणचे संताजी तेली जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ हे तुकोबांचे टाळकरी. त्यांनी अभंग उतरून घेतले. संताजींच्या हातच्या वह्या पुढच्या पिढ्यांनी सांभाळल्या. ज्यांनी तुकोबांना रोज डोळ्यांनी पाहिले, त्यांनी चेहरा नाही, शब्द उतरून घेतला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मग घरोघरी तसबिरी आल्या कधी? फार जुनी गोष्ट नाही. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणजे ज्या इंद्रायणीच्या काठी तुकोबांनी कीर्तने केली, तिच्याच खोऱ्यात, वरच्या अंगाला देवादिकांची रंगीत चित्रे छापली जाऊ लागली. तेव्हाची छपाई दगडावरची. एकेका रंगाला वेगळा दगड, आणि एकच कागद त्या सगळ्या दगडांखालून पुनःपुन्हा जायचा. एकदा दगड तयार झाले की हजारो प्रती निघायच्या. जी मूर्ती पूर्वी देवळात नाहीतर श्रीमंताच्या वाड्यात असायची, तिची तसबीर आता शेतकऱ्याच्या कुडाच्या भिंतीवर आली. ही थोडी गोष्ट नव्हे. ज्याला देवळाच्या पायरीपाशी थांबावे लागत होते, त्याच्याही घरात देव आला. संतांची चित्रे घरोघर पोचली ती याच छापील लाटेवर. चितारी काय करी? पोथ्या ऐके, कीर्तनकाराचा वेष पाही, आपल्या गावच्या एखाद्या भाविक म्हाताऱ्याचे नाक-डोळे घेई आणि मनाने चित्र रेखी.

आणि मग १९३६ साली 'संत तुकाराम' हा बोलपट आला. प्रभात कंपनीचा, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. तुकोबांचे काम विष्णुपंत पागनीस यांनी केले. पागनीस मूळचे नाटकातले, स्त्रीभूमिका करणारे गायक नट. पण त्यांनी पडद्यावर डोळे मिटून भजन म्हटले आणि महाराष्ट्राने ठरवून टाकले की तुकोबा असेच होते. लोक नटाच्या पाया पडू लागले. त्यांचा त्या वेषातला चेहरा तसबिरीत आला, दिनदर्शिकेत आला, देवघरात आला. आता कळले ना माउली, डोळे मिटल्यावर आपल्याला कोण दिसते ते? आपल्यातल्या पुष्कळांना दिसतात ते पागनीसबुवा.

दामले आणि फत्तेलाल दोघेही कोल्हापूरच्या चित्रकार-मंडळींत, आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले. हातात आधी कुंचला आला, कॅमेरा मागून. आणि तुकोबांचे हे रूप घडवणाऱ्या दोघांतला एक मुसलमान होता, हेही विसरू नका. ज्या संप्रदायाने श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपले म्हटले, त्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

त्या बोलपटातली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. त्यात बीजावरचे एक गाणे आहे, तुम्हीही भजनात म्हटले असेल. ते तुकोबांचे नाही. कवी शांताराम आठवले यांनी बोलपटासाठी रचले. पण चाल, भाषा, भाव असा जुळला की लोकांना तो तुकोबांचाच अभंग वाटला आणि जाणत्यांनीही तो गाथेत शोधला. तिथे तो सापडणार कसा? आठवल्यांनी फसवले का? नाही. त्यांनी ते आपल्या नावाने लिहिले, तुकोबांच्या नावावर खपवले नाही. चूक झाली ती आपली, ऐकणाऱ्यांची. गोड लागले म्हणून आपण ते मूळचे समजलो.

या ठिकाणी एकनाथमहाराजांची आठवण होते. नाथ आणि माउली यांच्यामध्ये जवळजवळ तीनशे वर्षे. माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, आणि नाथांच्या काळापर्यंत नकलणाऱ्यांच्या हातून तिच्यात पाठभेद घुसले होते. नाथांना स्वप्नात माउलींचे दर्शन झाले. रूप दिव्य, तेजस्वी होते इतके सांगून नाथ लगेच कामाकडे वळतात. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ, असे माउलींनी सांगितले. नाथ आळंदीला गेले, समाधीपाशी पोचले, मुळी काढली. आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी बजावून ठेवले की यात कुणी आपली ओवी घालील, तर त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे.

जरा विचार करा. प्रत्यक्ष माउलींचे दर्शन झालेला माणूस. त्याने चिताऱ्याला बोलावून नाक कसे, डोळे कसे हे सांगितले असते, तर आज आपल्याकडे माउलींची एक तसबीर असती, नाथांच्या साक्षीची. नाथांनी ते केले नाही. त्यांनी ग्रंथ शुद्ध केला. गळ्याला लागलेली मुळी त्यांनी दोनदा काढली, एकदा समाधीतली आणि एकदा पोथीतली. नाथांनी स्वतः कवित्व कमी का केले? भारुडे, गौळणी, एकनाथी भागवत, केवढा मोठा विस्तार. कल्पना करायला त्यांची हरकत नव्हती. पण आपली कल्पना माउलींच्या ग्रंथात मिसळायला होती. आपल्या नावाने रचा, दुसऱ्याच्या नावावर घालू नका, एवढाच त्यांचा दंडक.

म्हणून त्या पोराला आज मी सांगेन, बाळा, चित्र काढले यात वाईट काही नाही. पागनीसांनी काढले, छापखान्याच्या चिताऱ्याने काढले, तुझ्या यंत्राने काढले. खोट आहे ती 'खरा चेहरा' या दोन शब्दांत. ते दोन शब्द म्हणजे करवंटी.

आता कुणी म्हणेल, मग मनातल्या रूपाला काहीच किंमत नाही का? आहे, फार मोठी आहे. आपला संप्रदायच त्यावर उभा आहे. तुकोबारायांच्या आणि नामदेवरायांच्या मध्ये तीनशे वर्षे. तरी नामदेव पांडुरंगाला घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि अभंगांचे उरलेले काम त्यांनी सोपवले. बाबाजी चैतन्यांनी उपदेश केला तोही स्वप्नात. तुकोबा त्या प्रसंगात काय सांगतात? स्नानाला जाताना वाटेत भेटले, मस्तकावर हात ठेवला, भोजनाला पावशेर तूप मागितले, आणि ते द्यायचे आपण स्वप्नात विसरलो. ताहराबादचे महिपतिबुवा तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर पासष्ट वर्षांनी जन्मले. तेही तुकोबांना गुरू मानत, स्वप्नातल्या अनुग्रहाने. त्यांनीच 'भक्तविजय' आणि 'भक्तलीलामृत' लिहून आपल्याला संतांची ओळख करून दिली.

आणि बहिणाबाई. वेरूळजवळच्या देवगावची ही मुलगी नवऱ्याबरोबर फिरत फिरत कोल्हापुरास आली. लग्न झालेले, वयाने अजून पोरच. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांची पदे ऐकली. जिवापाड लळा लावलेले वासरू गेले, मन सैरभैर झाले, आणि तुकोबांचा ध्यास लागला. त्यांना तिने पाहिलेले नव्हते. तसबीर नव्हती, पडदा नव्हता, मोबाइल नव्हता. होती ती फक्त कानावर पडलेली पदे. त्या पदांतून तिच्या मनात एक माणूस उभा राहिला आणि एके दिवशी तो स्वप्नात आला. मस्तकावर हात ठेवला, मंत्र दिला. घरात वादळ उठले. ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला गुरू करावे, हे नवऱ्याला कसे सोसावे? मार खाल्ला, बोल ऐकले, पण ती हलली नाही. पुढे नवऱ्याचेही मन पालटले आणि सगळे देहूला आले. देवळात आरती चालली होती. बहिणाबाईंनी पाहिले, आणि ओळखले. स्वप्नात जो ठसा उमटला होता तोच समोर उभा होता.

माउली, जगात कल्पनेने काढलेली चित्रे पुष्कळ असतील. पण काढणाऱ्याने नंतर प्रत्यक्ष माणसाशी ताडून पाहिलेले आणि उतरलेले असे हे एक आपल्या घरचे आहे. आणि तेही कोल्हापूरचेच. ते उतरले कशामुळे? ती नाक-डोळ्यांपासून निघाली नव्हती. अभंगापासून निघाली होती. माणसाचा शब्द जितका खरा ऐकाल, तितके त्याचे रूप मनात खरे उमटेल.

आता याच कसोटीला आपली तसबीर लावून बघा. तसबिरीतले तुकोबा गोरे, नाजूक, निवांत. गाथेतले आणि चरित्रातले तुकोबा कसे? शेतीवाडी आणि दुकान सांभाळणारे, पाठीवर गोण्या वाहिलेले. शके १५५१-५२ च्या सुमारास दुष्काळ पडला. त्यात रखमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगा संतू गेला, गुरे गेली, व्यापाराचे दिवाळे निघाले. त्याच माणसाने पुढे लोकांच्या कर्जाची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, भावाच्या वाट्याची तेवढी त्याला देऊन. हा माणूस उन्हाने रापलेला असणार. हाताला घट्टे असणार. बायको-पोर भुकेने गेल्याची रेघ कपाळावर कुठेतरी असणार. तसबिरीत ती रेघ नाही, आणि म्हणून तसबिरीपुढे हात जोडणे सोपे जाते. गाथेपुढे बसणे तितके सोपे नाही. ती विचारते, तुझ्या घरातली खतपत्रे कुठे आहेत?

जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे, त्यात विठोबाचा लेकुरवाळा संसार रंगवला आहे. त्यावरून निघालेले चित्रही तुम्ही पाहिले असेल. कुणाला खांद्यावर घेतले, कुणाचा हात धरला, कुणी पुढे, कुणी मागे, कुणी मांडीवर, कुणी कडेवर. त्या अभंगात एकाही संताच्या चेहऱ्याचे वर्णन नाही. प्रत्येकाची जागा तेवढी सांगितली आहे. आणि चोखोबांची जागा? अगदी जिवाजवळ. ज्यांना राऊळात पाऊल टाकू दिले नाही, ज्यांची समाधी आजही महाद्वाराबाहेर नामदेवपायरीजवळ आहे, त्यांना या चित्राने देवाच्या काळजाशी नेले. गावाने जे होऊ दिले नाही ते जनाबाईंनी मनाने रेखले. मनाने काढलेले चित्र असेही असू शकते. त्या चित्राप्रमाणे देवळाचे दार उघडायला मात्र १९४७ साल आणि सानेगुरुजींचे उपोषण लागले.

चोखोबांच्या अखेरची कथा तर तुम्हाला पाठ असेल. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असताना भिंत कोसळली, वेठीची माणसे तिच्याखाली गेली. हे शके १२६० चे, म्हणजे इ.स. १३३८ चे. नामदेवराय हाडे आणायला गेले तेव्हा ओळखायला चेहरा उरलाच नव्हता. सगळ्यांची हाडे सारखीच. नामदेवांनी एकेक अस्थी कानाला लावली, आणि जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून उचलली. चेहऱ्याची ओळख पुसली गेल्यावर काय उरते, याचे उत्तर आपल्या परंपरेने इतके स्पष्ट देऊन ठेवले आहे.

शेवटी एकच. तुकोबाराय गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. मुलगा झाला तो नंतर. नाव नारायण. या मुलाने वडिलांचे मुख कधी पाहिले नाही. आई सांगे, भाऊ सांगत, टाळकरी सांगत, त्यावरून त्याने ते मनात कितीदा काढले असेल, कितीदा पुसले असेल! हाच मुलगा मोठा झाला आणि १६८५ साली त्याने आळंदीहून माउलींच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका एका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. आपण आज ज्या सोहळ्यात चालतो त्याची ही सुरुवात. पुढे हैबतबाबांनी १८३२ साली माउलींचा सोहळा वेगळा सुरू केला, त्याही पालखीत पादुकाच.

पोरका मुलगा वडिलांचा मुखवटा करून पालखीत ठेवू शकला असता. त्याने पाऊल ठेवले. मुख पाहिले की माणूस थांबून बघत राहतो. पाऊल पाहिले की मागे चालायला लागतो.

तेव्हा घरातली तसबीर काढू नका, माउली. तिला रोज हार घाला, बुक्का लावा. ती कुणा भाविकाच्या हातची आहे, एवढी जाण ठेवा. आणि हार घालून झाला की तिच्याखाली बसून गाथेतला एक अभंग मोठ्याने वाचा. कोल्हापुरातल्या त्या पोरीने असेच कानाने ऐकले होते. वाखरीच्या तळावर पुन्हा तो पोरगा भेटला, तर मी त्याच्या मोबाइलमधले चित्र आणखी एकदा प्रेमाने बघेन, आणि त्याला पालखीपाशी नेऊन पादुकांवर डोके टेकायला लावेन.

रामकृष्ण हरी.